पाचशे शब्दांत बसवताना

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांत होऊन चार-सहा दिवस झाले असतील, दुपारी एकच्या सुमाराला दाराची कडी वाजली. त्या वेळी माझ्याकडे कुणी येत नाही. खरं म्हणजे कुठल्याच वेळी फारसं कुणी येत नाही. दूधवाला सकाळी पिशवी कडीला अडकवून जातो, त्याचा चेहरा मी महिन्यातून एकदा बघते.

"कोण आहे?" मी आतूनच विचारलं.

"मी आहे, बाई."

पाथर्डीच्या शाळेत मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. 'मी आहे, बाई' म्हणणारी मुलं हजारांनी झाली. दार उघडलं तर एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी होती. चपला तिनं आधीच पायरीखाली काढून ठेवल्या होत्या. आठवीत आणि नववीत ती माझ्या वर्गात होती. तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. एवढं मला आठवलं. ती नववीतून पुढं गेली आणि मी निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं होत आली होती.

"निबंध तपासायचाय, बाई," ती म्हणाली.

तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती दक्षिणेकडच्या एका लांबच्या विद्यापीठाचा अर्ज भरत होती. भूगोल शिकायचा होता. अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही आज जशा आहात, तशा कशामुळे घडलात? उत्तर आपापल्या भाषेत लिहिलं तरी चालणार होतं.

"मग अडचण काय आहे?"

"पाचशेच शब्द पाहिजेत, बाई. त्याच्या पुढं त्या चौकटीत टाइपच होत नाही. माझे नऊशे बारा झालेत."

मला हसू आलं. बत्तीस वर्षं मी मुलांना 'अजून लिहा, अजून लिहा' म्हणत आले. परीक्षेत उठून पुरवणी मागणाऱ्या मुलाकडे आम्ही सगळे शिक्षक कौतुकानं बघायचो. आता कुणीतरी माझ्याकडे कमी कसं लिहायचं ते शिकायला आलं होतं, आणि ते मला येत होतं असं काही नाही.

निबंध तिच्या मोबाईलवर होता. ती बारीक अक्षरं मला दिसेनात. मग ती वाचायला लागली आणि मी एका कागदावर दर दहा शब्दांना पेन्सिलीनं एक रेघ ओढत गेले. वाचून झालं तेव्हा माझ्या कागदावर चौऱ्याऐंशी रेघा होत्या.

"आठशे चाळीस," मी म्हटलं.

"नऊशे बारा आहेत, बाई." तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. खाली आकडा ठळक होता, तो मला दिसला.

"बहात्तर शब्द कुठं गेले मग?"

"तुमच्याकडून मोजायचे राहिले असतील," ती म्हणाली आणि तिनं घाईनं मोबाईल बंद केला. धाकटी बहीण पाच वाजता शाळेतून घरी यायची, त्याआधी तिला गाव गाठायचं होतं. गाव जीपनं अर्ध्या तासावर. ती उद्या येते म्हणाली आणि गेली. मी बराच वेळ त्या रेघा पुन्हा मोजत बसले. मोजण्यात मी सहसा चुकत नाही.

त्या दिवशी तिच्या निबंधातून मला जे कळलं ते असं. दिवाळी झाली की तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. कधी कोल्हारच्या बाजूला, कधी त्याहून लांब. ती पाचवीत असल्यापासून घर तीच चालवत होती. आधी जवळ चुलती असायची, नंतर तीही तोडीला जायला लागली. दोघी बहिणी सहा महिने त्या घरात एकट्या राहायच्या. हे सगळं मी तिला दोन वर्षं शिकवलं तेव्हा मला माहीत नव्हतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचं तसंच असल्यामुळे मी कधी एकेकाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच साडीला इस्त्री करून ठेवली. ती एक वाजता येणार होती. साडेबारापासून मी बाहेरच्या खोलीत बसले होते.

आम्ही काम सुरू केलं. तिनं 'घरा समोर', 'आई सोबत', 'दिवाळी नंतर' असं सगळं तोडून लिहिलं होतं. मोबाईल शब्दांमधली मोकळी जागा बघून मोजतो, आणि ती तसंच तोडून वाचत होती म्हणून मीही दोन-दोन मोजले होते. "शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, हे आठवीत शिकवलंय मी तुला," मी म्हटलं. मग ती अख्खी दुपार आम्ही शब्द जोडत बसलो. अडतीस शब्द कमी झाले, आणि काढावं काहीच लागलं नाही. ती पहिल्यांदा हसली. व्याकरणाचा असा रोकडा उपयोग मलाही आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होता.

अर्जात आणखी एक छोटा प्रश्न होता, त्याला शब्दांची नाही, अक्षरांची मर्यादा होती. तिथं तर न्यायच नव्हता. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जात होतं. 'स्त्री' हे आम्ही एक अक्षर म्हणून शिकवतो. मोबाईल त्याचे सहा मोजत होता. तिनं तो शब्द काढून 'बाई' घातला. त्याचे तीन झाले.

तिसऱ्या दिवशी सुरुवातीचा परिच्छेद काढला. 'डोंगरांच्या कुशीत वसलेले माझे छोटेसे गाव' असा तो होता. तिच्या गावाजवळचा डोंगर म्हणजे एक उघडी टेकडी, मी ती पाहिलेली आहे.

"हे कशाला लिहिलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बाई. सुरुवात वर्णनानं करायची."

"चूक झाली माझी. काढ."

असं करत करत शब्द कमी होत गेले. ती वाचायची, मी थांबवायची. 'अत्यंत', 'खरोखर', 'मनापासून' हे सगळे गेले. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली होती ती एकदाच ठेवली. कधी ती स्वतःच म्हणायची, "हे राहू दे का काढू?" आणि मी उत्तर द्यायच्या आधीच काढून टाकायची. मी चहा करायची. दुपारी एक ते चार हे तीन तास कसे जायचे ते मला समजत नसे, आणि चार वाजता ती गेली की संध्याकाळ संपता संपत नसे. आठ दिवसांपूर्वी मला त्याच संध्याकाळचं काही वाटत नव्हतं.

भांडण झालं ते नकाशावरून. निबंधात दीडशे शब्द एका नकाशाबद्दल होते. सहावीत असताना तिनं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एक नकाशा काढला होता. गल्लीतलं कोणतं घर तोडीला कुठं गेलंय, ते त्यावर खुणा करून लिहिलेलं. कुणी कोल्हारला, कुणी संगमनेरला, कुणी पार कर्नाटकात. दोरा लावून ती अंतरं मोजायची. गल्लीत मागं राहिलेली म्हातारी माणसं तिच्याकडे यायची आणि विचारायची, "आमचा कुठं हाय गं?" ती त्या ठिपक्यावर बोट ठेवायची. ती माणसंही मग त्यावर बोट ठेवून बघायची.

"हे काढलं तर दीडशे शब्द एकदम सुटतील," मी म्हटलं. "त्यापेक्षा आईच्या आठवणीचं ठेव. ते मनाला भिडतं."

"नाही, बाई." तिनं मला नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. "आईची आठवण सगळ्यांनाच येते. नकाशा फक्त मी काढला."

तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं निबंध तपासून हे मला दिसलं नव्हतं आणि तिला दिसत होतं. आम्ही आईच्या आठवणींचं चार ओळींवर आणलं आणि नकाशा ठेवला.

सहाव्या दिवशी मोबाईलवर आकडा होता पाचशे एकाहत्तर. आणि ती वाचायची ते मी मोजलं की चारशे नव्व्याण्णव भरायचे. म्हणजे माझ्या हिशेबानं निबंध बसला होता.

"आता तू मला ते बहात्तर शब्द दाखव," मी म्हटलं.

मग तिनं वहीचं एक पान फाडलं, मोबाईलमध्ये बघून त्यावर लिहिलं, मला दिसेल अशा मोठ्या अक्षरात, आणि पान माझ्याकडे दिलं. लिहून होईपर्यंत तिनं एकदाही वर बघितलं नाही. ते पान अजून माझ्याजवळ आहे, म्हणून जसंच्या तसं देते.

'माझ्या एक बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्या एकट्या राहतात. आमची गल्ली सहा महिने रिकामी असते, त्यांचं घर बारा महिने. तरी त्या रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसतात, हाताला घड्याळ बांधतात आणि खुर्चीत बसतात. कुणी येणार नसतं. आई-वडील कारखान्यावर गेले की पहिला आठवडा मला जेवण जात नाही. एकदा मी त्यांच्या दारावरून जाताना त्यांना एकटीनं ताट वाढून, पाण्याचा तांब्या भरून, नीट मांडी घालून जेवताना पाहिलं. तेव्हा ठरवलं, कुणी नसताना कसं राहायचं ते यांच्याकडून शिकायचं.'

मी ते दोनदा वाचलं. कॉलेजला जाता-येता ती माझ्या दारावरून जात होती, हे मला माहीत नव्हतं. जेवण होईपर्यंत दार उघडंच असतं आणि रस्त्यावरून आतलं दिसतं, हेही कधी मनात आलं नव्हतं.

लग्न मी केलं नाही. त्याची कारणं आता मलासुद्धा धड सांगता येत नाहीत. वडील लवकर गेले, पारनेरच्या घरी भावंडं लहान होती, मग नोकरी, मग वय. भाऊ पारनेरला असतो. आम्ही रविवारी फोनवर बोलतो, तब्येत विचारतो आणि पावसाचं बोलतो. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी मी साडी नेसून, घड्याळ बांधून तयार झाले आणि मग लक्षात आलं की कुठं जायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून तेच करत राहिले. त्या पोरीला त्यात काहीतरी शिकण्यासारखं दिसलं. मी तिला सांगायला हवं होतं की त्यात तसं काही नाही. पण मग तिचे ते जेवण न जाणारे आठवडे मी बघितलेले नव्हते. तिला त्याचा उपयोग झाला असेल तर मी कोण नाही म्हणणार?

"हे निघालं की बसतंय," मी म्हटलं.

"हे नाही काढायचं, बाई. दुसरं काहीतरी काढू."

"त्यांनी तुझ्याबद्दल विचारलंय. माझ्याबद्दल नाही."

"पण मी त्याच्यामुळेच..." ती थांबली.

"नकाशा काढायचा का मग?"

तिनं मोबाईल परत हातात घेतला. मी हे कारण दिलं ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या शहरात चार अनोळखी माणसं टेबलाभोवती बसून 'कुणी येणार नसतं' हे वाचतील, हे मला सहन होईना. तिनं ते माझ्यासमोर काढलं. एक बोट दाबून धरलं आणि सगळं नाहीसं झालं.

"चारशे नव्व्याण्णव," ती म्हणाली. "एक शब्द उरतोय, बाई."

"उरू दे."

अर्ज गेला. त्यानंतर तिची बारावीची परीक्षा, मग मुलाखत, ती मोबाईलवरच झाली. निवड झाल्याचं सांगायला ती पेढे घेऊन आली तेव्हा आई-वडील कारखान्यावरून परत आलेले होते. मधल्या काळात ती तीन-चारदाच आली असेल. एक वाजता बाहेरच्या खोलीत बसायची माझी सवय सुटायला एप्रिल उजाडला.

जुलैत ती निघाली. वडील तिला पोचवायला जाणार होते. पाथर्डीहून एसटीनं नगर आणि तिथून पुढं रेल्वेनं. मी स्टँडवर गेले. तिनं नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि एक मोठी बॅग होती. वाकून नमस्कार केला, "फोन करते, बाई" म्हणाली. गाडी हलली तेव्हा तिनं आधी धाकट्या बहिणीकडे बघून हात केला, मग आईकडे, मग माझ्याकडे. धाकटी शाळेत उशीर होतो म्हणून गावाच्या जीपकडे पळाली. मी आणि तिची आई तिथंच बाकावर बसलो.

"मला वळखलं का, बाई?" तिनं विचारलं. "आठवीपातूर तुमच्याच वर्गात व्हते मी."

"हो, ओळखलं की," मी म्हटलं. मला ती आठवत नव्हती. मी तिच्या चेहऱ्यात आठवीतली मुलगी शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती.

"पोरीनं तुमच्यावर लिव्हलं व्हतं म्हनं, अर्जात."

"लिहिलं होतं. मग काढावं लागलं."

"का वो?"

"जागा नव्हती. पाचशेच शब्द मागितले होते."

"आन आमचं? आमचं ठिवलं का?"

"ठेवलंय. चार ओळी आहेत."

"काय हाय त्यात?"

इतक्या वेळा मोजल्यामुळे तो निबंध मला पाठ झाला होता. मी तिला म्हणून दाखवला, पहिल्यापासून. आजूबाजूला गाड्यांचे आवाज होते, ती डोक्यावरचा पदर कानामागं सारून ऐकत होती. आईच्या ओळी आल्या. त्यात असं होतं की आई रोज फोन करते, आणि जेवलात का, अभ्यास केला का, हे नंतर विचारते. सगळ्यात आधी विचारते, दार लावलं का.

"व्हय," ती म्हणाली. "तिकडं उसाच्या फडापाशी आमच्या कोपीला दार नसतंय, बाई. नुसतं उसाचं वाळकं पाचट लावलेलं. रातीला पडलं की हे ध्यानात यायचं, पोरींनी दार लावलं का न्हाई. म्हनून इचारायचे."

हे निबंधात नव्हतं. मुलीला ते माहीत असावं असं मला वाटत नाही.

मग धाकटीचा विषय निघाला. दिवाळीनंतर ती एकटी कशी राहणार, हा प्रश्न माझ्या मनात जूनपासून होता. घरून निघतानाच मी वाक्य तयार करून आणलं होतं. 'तिला माझ्याकडे ठेवा, दोन खोल्या आहेत, मला सोबत होईल.' मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "धाकटीला वसतिगृहात टाकायचं ठरिवलंय. सहा महिन्यांचा तर प्रश्न हाय. कुनाला तरास न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं.

ती गावाच्या जीपकडे गेली. मी घरी आले. ते वाक्य फार तर दहा शब्दांचं होतं, आणि मी ते बोलले नाही.

तिचा फोन सुरुवातीला दर आठवड्याला यायचा. पुढं अंतर पडत गेलं. तसं होणारच होतं, मी त्याबद्दल तिला काही म्हटलं नाही. नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला. मागं मुलींचा गलका ऐकू येत होता.

"बाई, इथं उलटंच आहे सगळं. निबंध द्यायचाय आणि कमीत कमी पंधराशे शब्द पाहिजेत. माझे सातशेच होतायत."

"आता पुरवणी घ्यायला शिक," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. मग ती गंभीर झाली.

"धाकटीला तिथं करमत नाही, बाई. रोज रडते म्हणे. आईच्या मनात होतं तुम्हाला विचारायचं. पण बाई एकट्या राहतात, त्यांना शांतता लागते, असं म्हणाली ती. मीच तसं सांगितलं होतं तिला, तुमच्याबद्दल."

"बघते मी," एवढं म्हटलं. तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी जीपनं तिच्या बहिणीच्या वसतिगृहात गेले. तिथल्या ताईंनी मला व्हरांड्यात बसवलं. मी धाकटीला माझ्याकडे न्यायचं विचारलं, तर आई-वडिलांच्या लेखी परवानगीशिवाय मुलीला कुणाबरोबर पाठवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते योग्यच होतं. आई-वडील त्या वेळी कोल्हारपलीकडे कुठंतरी फडात होते. परवानगीचं पत्र यायचं म्हणजे ते घेऊन कुणीतरी इकडं येणार, तेव्हा.

धाकटी बाहेर आली. तेरा वर्षांची, थोरलीपेक्षा उंच होईल अशी. माझ्यासमोर ती अंग चोरून बसली. मी तिची मराठीची वही मागितली. त्यात 'माझा आवडता ऋतू' हा निबंध होता, पाऊण पान भरलेला, खाली लाल शाईत 'अजून लिहा' असा शेरा.

"काय लिहायचं राहिलंय यात?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. मग वहीचं पान उलटत म्हणाली, "मला उन्हाळा आवडतो. निबंध पावसाळ्यावर लिहायला सांगितला होता म्हणून पावसाळा लिहिला."

"उन्हाळा का आवडतो?"

हे विचारायची काय गरज आहे, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती सांगायला लागली. मी पेन्सिल काढली नाही, नुसती ऐकत बसले. साडेपाचला शेवटची जीप होती, तोवर वेळ होता.